वकिलांचा ॲ, ठाकुर्लीचा रफार

ठाण्यात कोर्टनाक्यावर नुसत्या पाट्या वाचत चाललं, तरी मराठी टंकलेखनाची अवस्था कळते. जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय याच भागात. त्यामुळे वकिलांची ऑफिसं, मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले, अर्ज टाइप करून देणारे, सगळे एकमेकांना खेटून बसलेले. वकिलाच्या प्रत्येक पाटीची सुरुवात एकाच अक्षराने व्हायला हवी: ॲ. 'ॲड.' आणि पुढे नाव. प्रत्यक्षात काय दिसतं? रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या जुन्या पत्र्याच्या पाटीवर अ आहे आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवलेला चंद्र. शेजारच्या फ्लेक्सवर 'ऍड.', म्हणजे चंद्र ए वर चढलेला. त्याच्या पलीकडे 'अँड.', म्हणजे चंद्राच्या पोटात टिंब. ते वाचायला गेलं तर इंग्रजीतलं 'आणि' होतं.

हाताने रंगवलेली पाटी बरोबर आणि संगणकावर केलेली चूक, असं का व्हावं? रंगाऱ्याला अक्षर माहीत असलं की पुरे, ब्रश हवा तिकडे वळतो. संगणकावर बसलेल्याला नुसतं अक्षर माहीत असून भागत नाही, ते कुठल्या कळेखाली आहे तेही माहीत असावं लागतं. आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी डोंबिवलीत राहते, मुद्रितशोधन हे माझं काम. दिवसभर माझ्यासमोर इतरांनी टाइप केलेला मजकूर असतो: दिवाळी अंक, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, कवितासंग्रह. शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पण माझ्यासमोर येणाऱ्या चुकांमधला मोठा वाटा शुद्धलेखनाचा नसतोच. लिहिणाऱ्याला शब्द येत असतो, कळ सापडलेली नसते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत, एवढ्यासाठी हा आढावा.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. फ्रेंचमधल्या 'कॅफे'च्या शेवटच्या अक्षरावर तिरपी रेघ असते, जर्मनमध्ये स्वरावर दोन टिंबं असतात, आणि इंग्रजी कीबोर्डवर यातलं काही नसतं. तिथल्या लोकांनी त्यासाठी आपापल्या कीबोर्डची मांडणी बदलून घेतली. ज्यांच्याकडे ती मांडणी नाही ते आल्ट दाबून ०२३३ असा आकडा मारतात. आपल्याकडे ठाण्याच्या प्राच्यविद्या अभ्यास संस्थेसारख्या ठिकाणी संस्कृत ग्रंथांवर रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना असंच झगडावं लागतं, कारण ण साठी अक्षराखाली टिंब, दीर्घ आ साठी डोक्यावर आडवी रेघ, श साठी तिरपी रेघ. पण ते काम थोड्यांचं. ॲ, ऑ, ळ, 'वाऱ्या'तला र, ठाकुर्लीतला रफार हे मात्र कळव्यापासून टिटवाळ्यापर्यंत प्रत्येकाच्या रोजच्या कामाचे. मराठीच्या दृष्टीने ही 'खास चिन्हं' नाहीतच, ती साधी अक्षरं आहेत. ती खास झाली ती यंत्रामुळे.

यंत्राची सुरुवात टाइपरायटरपासून. कल्याण, डोंबिवली, ठाणे इथे स्टेशनच्या आसपास टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. लाकडी बाकं, एका ओळीत मांडलेली यंत्रं आणि जिन्यातूनच ऐकू येणारा खडखडाट. मीही तिथे शिकले. यंत्रं बहुतेक रेमिंग्टनची किंवा गोदरेजची. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९च्या सुमारास उत्पादन थांबवलं. मराठी यंत्रावर नव्वदच्या आसपास चिन्हांची जागा. तेवढ्यात स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, मात्रा, अंक, विरामचिन्हं, सगळं बसवायचं. म्हणून काही अक्षरांचे तुकडे केलेले होते. अर्धा ण आणि त्याला जोडायचा काना मिळून पूर्ण ण. काही कळा 'डेड': दाबली तरी कॅरेज पुढे सरकत नाही, म्हणजे मात्रा किंवा अनुस्वार त्याच अक्षरावर पडतो. फ्रेंच टाइपरायटरवरचं स्वराच्या डोक्यावरचं टोपीसारखं चिन्हही अशाच डेड कळेवर असतं. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली.

त्या काळात यंत्राला सोयीची लिपी करावी असंही अनेकांना वाटत होतं. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, अि, अी, अु अशी, आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती वापरलीही. इ, ई, उ, ऊ यांचे वेगळे खिळे वाचले असते. मराठी वाचकाने ती स्वीकारली नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. यंत्र लिपीसाठी असतं, लिपी यंत्रासाठी नसते. पण सावरकरांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना प्रश्न दिसला होता, हे मान्य करायला हवं. पुढे मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्रणाचा जो मोठा अभ्यास केला आणि १९७१ साली ग्रंथरूपाने मांडला, त्यातही खिळ्यांची संख्या हा विषय आहेच.

संगणक आला आणि जागेची अडचण संपायला हवी होती. झालं उलटंच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे डीटीपीची दुकानं फुटली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, आणि इन्स्टिट्यूटमध्ये चालणारा कृतिदेव. या सगळ्यांनी मराठी छपाई जगवली, हे मोठं काम. पण या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराने घातलेला मराठी वेश होता. कृतिदेवात 'ठाणे' हा शब्द संगणकाच्या लेखी काय असतो? मोठा बी, के, टिंब, के, एस. वेश उतरवला, म्हणजे दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. फ्लॉपीवर फाइल आणि सोबत फॉन्ट घेऊन प्रेसच्या चकरा मारलेल्या लोकांना हे सांगायला नको.

त्यात विरळा अक्षरांचा प्रश्न आणखी वेगळा. कळा संपल्या की उरलेली अक्षरं आल्टच्या आकड्यांवर टाकलेली असत. आमच्या ओळखीच्या एका डीटीपी काकांच्या टेबलाच्या काचेखाली असा तक्ता होता, पिवळा पडलेला, कडेला चहाचे डाग. कुठल्या आकड्याने ॐ, कुठल्याने अवग्रह, कुठल्याने ऱ्य. ते काका तक्त्याकडे बघायचे नाहीत, डावा अंगठा आल्टवर आणि उजवा हात आकड्यांवर आपोआप जायचा. पण फॉन्ट बदलला की तक्ता बदलायचा. श्रीलिपीत पाठ केलेलं आकृतीत निरुपयोगी. एका माणसाचं आयुष्यभराचं कसब असं एका कंपनीच्या फॉन्टला बांधलेलं होतं.

या गोंधळातून बाहेर काढणारं काम त्याच काळात वेगळ्या ठिकाणी चाललं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं तंत्र पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं. १९८६ साली इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी ठरली, १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. प्रत्येक अक्षराचा स्वतःचा क्रमांक, कुठल्याही फॉन्टमध्ये तोच. वेश संपला, अक्षराला स्वतःची ओळख मिळाली. विंडोजमध्ये आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता, हेही नोंदवायला हवं. सुलेखनात आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाचं अक्षर जगभरच्या संगणकांत गेलं.

पण या १२८ जागांमध्ये मराठीचं काय झालं ते पाहा. देवनागरीचा तक्ता मुख्यतः हिंदी आणि संस्कृत समोर ठेवून भरलेला होता. ळ होता. ऱ होता, पण तक्त्यातली त्याची ओळख द्राविडी भाषांतल्या र साठीचं अक्षर अशी, आणि मराठीतला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हे त्याचं जोडकाम. ऑ होता. हिंदीच्या पद्धतीचा ऍ होता. मराठीचा ॲ नव्हता. तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला, ०९७२ या क्रमांकावर. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी, २००९ साली, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात ॲ आणि ऑ हे स्वर म्हणून अधिकृतपणे बसवले. 'बॅट', 'बॉल' म्हणणाऱ्या भाषेच्या वर्णमालेत हे दोन स्वर यायला एकविसावं शतक उजाडलं.

याच्या तुलनेत रुपयाचं चिन्ह घ्या. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचं ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झालं. तीन महिने. आज नव्या कीबोर्डवर चारच्या कळेवर ते छापलेलंच असतं. सरकारने मनावर घेतलं की चिन्ह किती लवकर कळेपर्यंत पोचतं, हे त्यातून दिसतं. ॲ साठी कुणी असं मनावर घेतलं नाही. तो क्रमांकापर्यंत पोचला, कळेपर्यंत पोचायचा राहिला.

आता कळांकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. आपल्या भागात आज तीन पद्धतींनी मराठी टाइप होतं. एकच शब्द घेऊन बघू: ठाकुर्ली. कल्याण आणि डोंबिवलीच्या मधलं स्टेशन.

रेमिंग्टन पद्धतीत हात टाइपरायटरचाच. ठ, काना, क, उकार, मग ल, वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी रफार. डोळ्याला दिसतो त्या क्रमाने, कारण रफार ली च्या डोक्यावर दिसतो. जुन्या लोकांचा हात यावर बसलेला, आणि सरकारी टंकलेखन परीक्षेला बसणारी मुलंही मोठ्या संख्येने हीच पद्धत शिकतात.

इनस्क्रिप्टमध्ये क्रम उच्चाराचा. ठाकु म्हणून झालं की र, मग पाय मोडायची कळ, मग ल, मग दीर्घ ई. आपण बोलताना र आधी म्हणतो, म्हणून तो आधी. रफार बसवायचं काम संगणकाचं. या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मराठीची सोय अगदी शहाणपणाने केलेली आहे: ल च्या कळेवर शिफ्ट दाबला की ळ, र च्या कळेवर शिफ्ट दाबला की ऱ, स च्या कळेवर शिफ्ट दाबला की श. ज्याला हे कळलं त्याला कळवा, टिटवाळा, वाघबीळ, खडेगोळवली लिहिताना विचार करावा लागत नाही. दोष एकच, आणि तो मोठा आहे. जुन्या मांडणीत आकड्यांच्या रांगेत पहिल्या कळेवर शिफ्ट दाबला की हिंदीचा ऍ येतो. कोर्टनाक्यावरच्या 'ऍड.'चा उगम इथे आहे. टाइप करणाऱ्याने आळस केलेला नसतो, त्याला कीबोर्डने जे दिलं ते त्याने घेतलं.

तिसरी पद्धत रोमनमधून. इंग्रजी अक्षरांत 'ठाकुर्ली' लिहायचं आणि पट्टीत येणाऱ्या पर्यायांतून निवडायचं: ठाकुरली, थाकुर्ली, ठाकुर्ली. बरहा, गमभन, गूगलचं साधन, आता मोबाइलवरचा जीबोर्ड. या पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यांची संख्या किती वाढली हे आपण सगळे पाहतो आहोत. आजी नातवाला मराठीत संदेश पाठवते ते हिच्यामुळे. तिला नावं ठेवणं मला पटत नाही. पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ती अक्षर टाइप करत नाही, शब्द सुचवते. शब्द नेहमीचा असला तर ठीक. आडनाव, गावाचं नाव, कवितेतला जुना शब्द, बोलीतला शब्द आला की ती दुसरंच काहीतरी पुढे करते. आगरी बोलीत लिहिणाऱ्या डोंबिवलीच्या एका कवीचा संग्रह माझ्याकडे तपासायला आला होता. निम्म्या चुका फोनने बोलीचं प्रमाण मराठी करून टाकल्याच्या होत्या. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ साली आणलेलं स्वरचक्र या बाबतीत वेगळं होतं: अक्षरावर बोट ठेवलं की भोवती चक्रात त्याची बाराखडी उघडायची, आणि हवं ते अक्षर आपणच निवडायचं. अशा साधनांना आणखी पाठबळ मिळायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

पापणीच्या र वर थोडं थांबते, कारण मराठीत अर्थ त्यावर फिरतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर द्यायची. शेकडो वर्षं मराठी माणूस बोलताना आणि लिहिताना हा फरक सांभाळत आला. आता मजकुरात 'किनार्‍यावर', 'किनाऱ्यावर' आणि 'किनार्यावर' अशी तीन रूपं येतात. तिसरं उघड चूक. पहिली दोन मात्र कागदावर एकसारखी दिसतात, आणि संगणकाला ती वेगळी वाटतात. एकात साधा र, पायमोड आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. दुसऱ्यात ऱ आणि पायमोड. युनिकोडने जुन्या मजकुराशी जुळावं म्हणून दोन्ही मान्य केले. त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही नांदतात.

न दिसणाऱ्या फरकांची ही यादी माझ्यासारख्या माणसाचा दिवस खाते. ॲ एकाच क्रमांकाने लिहिता येतो. अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो, आणि ॲ ला क्रमांक मिळण्याआधीच्या मजकुरात तर अ, न दिसणारं जोडचिन्ह आणि चंद्र असे तीन तुकडे सापडतात. दिसायला तिन्ही सारखे. 'डॉ.' हे ड आणि ॉ असं लिहायचं, पण ड, काना आणि वर चंद्र असं लिहिलेलं 'डाॅ.' मी रोज पाहते. 'ऑगस्ट'च्या जागी आ वर चंद्र ठेवलेला 'आॅगस्ट'. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात 'गाड्या'च्या जागी य खाली टिंब असलेला 'गाडय़ा'.

कुणी म्हणेल, दिसतंय ना बरोबर, मग काय बिघडलं? शोधून बघा म्हणजे कळेल. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आपल्याकडची आडनावं. एका कार्यालयात मी यादीत एक असं नाव शोधायला गेले होते. खिडकीतल्या ताईंनी आडनाव टाइप केलं. सापडलं नाही. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा नाही. 'मॅडम, तुमचं नाव नोंदलेलंच नाही, नव्याने अर्ज करा.' मी त्यांना विनंती केली की आडनाव सोडा, नुसत्या पहिल्या नावाने बघा. नाव निघालं. डोळ्यांना अक्षर न अक्षर तेच होतं. ज्याने नोंद केली त्याचा ऱ वेगळा होता आणि जिने शोधलं तिचा वेगळा. त्या ताईंची काही चूक नव्हती. पण ज्याला हे माहीत नसेल तो घरी परत जाणार, नवा अर्ज करणार, आणि एका माणसाच्या दोन नोंदी होणार. सातबारा, रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला, सगळं संगणकावर गेलेल्या काळात एका अर्ध्या र मुळे माणूस यादीतून गायब होऊ शकतो. म्हणून मला हा प्रश्न पंडितांचा वाटत नाही, तो खिडकीपुढच्या रांगेचा वाटतो.

ग्रंथालयांनाही हे लागू आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. इतक्या जुन्या संस्थांतली पुस्तकं वाचकाला संगणकावरून शोधता यायची असतील, तर सूचीतला प्रत्येक ॲ आणि प्रत्येक ऱ्य एकाच पद्धतीने लिहिलेला हवा.

जोडाक्षरांचं पाय मोडणं हा आणखी एक तंटा. शालेय पुस्तकांत 'विद्‌यार्थी' असं द चा पाय मोडून लिहिलेलं मुलं वाचतात, घरी आजोबा 'विद्यार्थी' असं एकात एक गुंफलेलं लिहितात. पाय मोडून दाखवायचा तर मध्ये एक न दिसणारं, अक्षरं वेगळी ठेवणारं चिन्ह टाकावं लागतं. इनस्क्रिप्टवर ते कंट्रोल, शिफ्ट आणि आकडा अशा तीन कळांनी येतं, मोबाइलवर बहुतेकांना सापडतच नाही. माझं मत विचाराल तर गुंफलेलं रूपच ठेवावं. ते संगणकाला सोपं, डोळ्यांना सवयीचं, आणि शोधायला बिनचूक.

ल आणि श यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे क्रमांक एकच आणि आकार दोन. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीचे आकार निराळे. २००९च्या शासननिर्णयाने मराठी आकार सांगितले आणि २०२२ साली वर्णमालेचा सुधारित निर्णयही निघाला, पण आकार कळेने ठरत नाही, फॉन्टने ठरतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली की मराठी आकार उमटतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मोफत युनिकोड फॉन्ट मराठीसाठीच केलेले आहेत. मासिकं, स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी ते वापरून पाहावेत. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे जुने दस्त वाचणाऱ्यांना मोडीतच टाइप करता येतं. जिथे मोडीची सोय झाली तिथे ॲ ची न होण्याला काही कारण उरत नाही.

मग अडतं कुठे? क्रमांक आहेत, फॉन्ट आहेत, इनस्क्रिप्ट आहे. अडतं ते शिकवण्यात. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचा मिनिटाला ३० शब्द हा वेग लागतो, आणि आपल्याकडची हजारो मुलं त्यासाठी सकाळ-संध्याकाळ इन्स्टिट्यूटमध्ये जातात. ती मुलं मेहनती आहेत. मी त्यांना कल्याणच्या लोकलमध्ये मांडीवर बोटं आपटत सराव करताना पाहिलं आहे. पण त्यांना शिकवलं जातं ते वेगाचं गणित. 'ॲ' आणि 'अॅ' यांत फरक काय, 'डॉ' कसा लिहायचा, ऱ्य साठी कुठली कळ, हे स्वतंत्रपणे शिकवायला फार तर दोन तास लागतील. तेच विद्यार्थी उद्या तहसील कार्यालयात, महापालिकेत, न्यायालयात नोंदी करणार आहेत. परीक्षेत वेगाला जसे गुण असतात, तसे या सहा-सात अक्षरांच्या अचूकतेला वेगळे गुण ठेवावेत. एवढ्या एका बदलाने नोंदी नव्याने बिघडायच्या थांबतील.

ज्या यंत्रणा आधीच्या नोंदी सांभाळतात, त्यांनी शोधताना ही सगळी रूपं एकच धरावीत. हे अवघड नाही: शोधण्याआधी अ-चंद्र, अ-जोडचिन्ह-चंद्र आणि ॲ यांना एकच मानायचं, दोन्ही ऱ्य एकच मानायचे, 'डाॅ'ला 'डॉ' करायचं. मी माझ्या कामात प्रत्येक फाइल उघडली की पहिल्यांदा हीच अदलाबदल करून घेते, दहा मिनिटं लागतात. हाताने ते करता येतं, तर संगणकाकडून करून घेणं कठीण नसावं.

घरच्या घरी करण्यासारखंही आहे. संगणकावर वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहून आल्ट आणि एक्स एकत्र दाबा, ॲ उमटेल. तो एकदा कॉपी करून ठेवा, नाहीतर मोबाइलच्या शब्दकोशात टाका. इनस्क्रिप्ट शिकायचं असेल तर रोज अर्धा तास पुरतो, आणि एकदा हात बसला की तीच मांडणी गुजराती, कन्नड, बंगालीलाही चालते.

ठाण्याने २०१० साली आणि डोंबिवलीने २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद भूषवलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा डोंबिवलीच्या फडके रोडवर लोकांनी एकमेकांना पेढे दिले, त्यात मीही होते. ज्या शहरांना भाषेचा एवढा अभिमान आहे, तिथल्या वकिलांना माझी एक विनंती आहे. नवी पाटी करायला द्याल तेव्हा दुकानदाराच्या पडद्यावर अक्षर मोठं करून बघा. अ च्या डोक्यावर चंद्र असेल आणि चंद्रात टिंब नसेल, तरच पाटी छापायला सांगा.